कोरडी पायरी

जरा डोळे मीट आणि माझ्याबरोबर चल. तुझ्या दोन्ही हातांत तांब्याची छोटी कळशी आहे, काठोकाठ भरलेली. पाण्यात झ्द्रावेत्स नावाच्या सुवासिक झुडपाच्या पानांची जुडी बुडवली आहे आणि तिचा उग्र वास तुझ्या नाकात शिरतो आहे. समोर फाटक आहे, फाटकाला दगडाची एक पायरी, पायरीपुढे गल्ली. तुला ते पाणी असे ओतायचे आहे की त्याची धार पायरीवरून गल्लीत वाहत जाईल. कारण त्या धारेवरून पाऊल टाकून तुझी आई लांब जाणार आहे, आणि तिची वाट पाण्यासारखी कुठेही न अडता पुढे सरकली पाहिजे. जड आहे ना? कालिनालाही कळशी जड वाटत होती.

"अगं, कोबीला पाणी घालतेस की काय? एकदम नको ओतूस!" नेदेल्का आजी ओरडली. "बारीक धार. बारीक."

"पण आजी, आईचे बूट भिजतील."

"भिजू देत. तुझे आजोबा पलटणीत निघाले तेव्हा माझ्या सासूनं घाबरून अख्खी बादली उपडी केली होती. बिचारे ओल्या मोज्यांनी स्टेशनात गेले. पण आले ना परत? भर पुन्हा कळशी."

हे पाणी आजीच्या घरात नेहमी सर्वांत धाकट्याने ओतायचे असे. कालिना आठ वर्षांची, एकुलती एक. तेव्हा काम तिचेच होते. ती ते पाठ करत होती, शाळेतली कविता पाठ करावी तसे.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तिची आई झोर्नित्सा लोखंडी भट्टीत मोठ्या, गोडसर लाल मिरच्या भाजत होती. धुराने तिचे डोळे चुरचुरत होते. त्या गावात शरद ऋतूत प्रत्येक घरी मिरच्यांची चटणी करून बरण्या भरतात, पण त्या वर्षी तिने भरलेल्या बरण्या तळघरात मावेनात. त्या जिन्यावर आल्या, मग पलंगाखाली गेल्या.

"झोरी, अख्खी पलटण आमच्याकडे जेवायला सोडून जाणार आहेस का?" तिचा नवरा, नेदेल्का आजीचा मुलगा लचेझार म्हणाला. तो बेकरीत काम करायचा. "आम्ही इनमीन तीन माणसं. खाऊन खाऊन लाल होऊ."

"हिवाळा लांबतो कधीकधी."

"हिवाळा दरवर्षी तेवढाच असतो," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिने दुसरी मिरची उलटली.

झोर्नित्सा सैन्यात सार्जंट होती. छावणीची अॅम्ब्युलन्स चालवायची. छावणीपासून गावातल्या इस्पितळापर्यंतचा रस्ता, तोच पूल, तेच वळण. मुरगळलेले घोटे, कोणाचे अपेंडिक्स, एकदा आचाऱ्याचा भाजलेला हात. बरोबरीचे लोक परदेशी मोहिमांवर जाऊन येत आणि आल्यावर काही दिवस वेगळेच गप्प बसत. तिने सगळे शिक्षण घेतले होते. गोळीबारात गाडी कशी काढायची, रक्त वाहत असताना किती वेगाने जायचे. ते तिने कधी वापरले नव्हते. वसंतात काबूलला जाणाऱ्यांची निवड सुरू झाली तेव्हा ती स्वतः कर्नल गानेव यांच्या दारावर टकटक करून आत गेली आणि म्हणाली, "मला घ्या."

घरी येऊन तिने सांगितले, "माझं नाव आलंय."

तेव्हा ते सोपे वाटले. पण असे वाक्य एकदा बोलून संपत नाही, रोज सांभाळावे लागते. शेजारच्या बायका म्हणाल्या, पैशासाठी जात असेल, भत्ता चांगला मिळतो. तिने होकारार्थी मान हलवली. तेही सोपेच उत्तर होते. मग ती घरी येई आणि मिरच्या भाजायला घेई.

निघण्याआधीच्या रविवारी छावणीने सगळ्यांच्या घरच्यांना बोलावले होते. आदल्या दिवशी झोर्नित्साने लचेझारला मुलीची वेणी घालायला शिकवायचे ठरवले. शिकवायची गरजच पडली नाही. ईस्टरचा गोड पाव तो तीन पेडांचा वळत असे आणि भाजण्याआधी वरून अंडे लावत असे. त्याची बोटे सरसर चालली आणि वेणी आईच्या वेणीपेक्षा घट्ट, सरळ झाली.

"बाबा, वरून अंडं नको हं लावूस," कालिना म्हणाली.

तिघेही हसले. झोर्नित्साच्या हातात कंगवा तसाच राहिला होता. आपल्यावाचून इथे काही अडणार नाही, असे तिला वाटले. आणि त्या विचाराने बरे वाटल्याची तिला लाज वाटली.

रविवारी छावणीच्या सभागृहात एक डॉक्टरीणबाई बोलल्या. मूल झोपलेले असताना चोरून निघू नका, म्हणाल्या. मुलांना खरे सांगा. खरे ऐकून मुले रडतात, पण खोटे सापडले की ती पुढचेही ऐकेनाशी होतात. झोर्नित्सा आपल्या बुटांच्या नाड्या बघत बसली.

नंतर लिंबूपाणी वाटत होते तेव्हा कालिना जागेवर नव्हती. ती गर्दीतून सरळ कर्नल गानेव यांच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. टक्कल, जाड मिश्या, हातात बिस्कीट.

"तुम्ही माझ्या आईला का पाठवता?" तिने मोठ्याने विचारले. "जिला मुलगी नाही अशी कोणीच नाही का तुमच्याकडे?"

आसपासचे बोलणे थांबले. कर्नलनी मुलीच्या डोक्यावरून झोर्नित्साकडे पाहिले. मग खाली वाकून म्हणाले, "तुझ्या आईइतकी चांगली गाडी आमच्याकडे कोणी चालवत नाही."

"मग तुम्ही शिका ना!"

सगळे हसले. कर्नलही हसले. झोर्नित्साला हसता आले नाही.

निघताना दारापाशी कर्नल तिला हळूच म्हणाले, "सार्जंट, मी खोटं बोललो नाही. पण सगळंही बोललो नाही. तुझ्या मुलीच्या लेखी मी राक्षस झालोय. मला चालेल, मला सवय आहे. तुला चालेल का?"

त्या संध्याकाळी कालिना आजीकडे गोष्ट ऐकत होती. झोर्नित्सा स्वयंपाकघरात लचेझारसमोर बसली. "तुला एक सांगायचं आहे," ती म्हणाली.

"मला नको सांगूस. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"वसंतापासून. तू घरी येऊन नाव आलंय म्हणालीस आणि शिट्टी वाजवत भांडी घासलीस. हुकूम मिळालेलं माणूस शिट्टी वाजवत नाही, झोरी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो." त्याने टेबलावरचे पावाचे कण बोटाने एका जागी गोळा केले. "राग आला होता. अजून आहे थोडा. पण मला सोड. तिला सांग. त्या बिचाऱ्या टकल्याला किती दिवस शिव्या खायला लावणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी शेवटच्या मिरच्या होत्या. भाजलेल्या मिरच्यांची साले गरम असतानाच निघतात, म्हणून मायलेकी परातीशी बसून बोटे फुंकत सोलत होत्या. कालिनाच्या नाकावर काळा डाग पडला होता.

"कालिना, कर्नलनी मला पाठवलं नाही," झोर्नित्सा म्हणाली.

"मग कोणी?"

"कोणीच नाही. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मला घ्या."

कालिनाची बोटे थांबली. "बाबांनी पैसे मागितले होते?"

"नाही. कोणी काही मागितलं नव्हतं. मला जायचं होतं. तू पोहायला शिकलीस आणि मग कोणी तुला नदीवर नेलंच नाही, तर कसं वाटेल? तसं काहीतरी."

"म्हणजे तुला आमच्यापासून जायचं होतं."

"तुमच्यापासून नाही गं. तिथं जायचं होतं."

"ते एकच आहे," कालिना म्हणाली.

झोर्नित्साने उत्तर शोधले. बरीच उत्तरे होती, आणि त्यांतले एकही आठ वर्षांच्या मुलीला खरे वाटले नसते. "हो," ती शेवटी म्हणाली. "तुझ्यासाठी एकच आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले. माझं चुकलं."

कालिनाने हातातली अर्धी सोललेली मिरची परातीत ठेवली, हात फ्रॉकला पुसले आणि उठली. "मी पाणी ओतणार नाही," ती म्हणाली. मग घरात गेली.

त्यानंतर ती आईशी भांडली नाही. विचारले तर हो-नाही म्हणे. जेवली, शाळेत गेली. ते भांडणापेक्षा वाईट होते. एकदा झोर्नित्साच्या मनात आले, सांगितले नसते तर? दोन दिवस गळ्यात हात टाकून झोपली असती पोर. पण मग रोज फोनवर कर्नलला बोल लावला असता, आणि आपण ते ऐकले असते.

निघायच्या सकाळी हवा थंड आणि कोरडी होती. लचेझार गल्लीत गाडी चालू करून बसला होता. आजीने कळशी भरून, पाने बुडवून फाटकापाशी आणली. "कालिना! अगं ए, ये लवकर!"

खिडकीचा पडदा हलला. दार उघडले नाही.

"लेकरू आहे. मीच ओतते," आजी म्हणाली आणि कळशी उचलू लागली.

"नको, आई."

"वेडी आहेस का? कोरड्या पायरीवरून लढाईला जातं का कोणी?"

"ते तिचं काम आहे. ती नाही म्हणाली. तिच्या मागून दुसऱ्यानं ओतलं, तर तिचं नाही म्हणणं मी ऐकलंच नाही असं होईल." झोर्नित्सा वाकली आणि तिने सासूच्या दोन्ही गालांची पापी घेतली. "राहू दे कळशी इथंच."

तिने खिडकीकडे पाहून हात हलवला. मग पाठीवर पिशवी घेऊन कोरड्या पायरीवरून उतरली. बुटांचा टक्क असा आवाज झाला. आजीने छातीवर क्रुसाची खूण केली आणि डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकून ती आत गेली. गाडी निघाली, अक्रोडाच्या झाडापलीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

आणि मग, बाळा, कालिना बाहेर आली. अनवाणी. तिने कळशी उचलली आणि पायरीवर बारीक धार धरली, आजीने शिकवली होती तश्शी, आधी बारीक आणि शेवटपर्यंत बारीक. पाणी पायरीवरून उतरले, गल्लीतल्या धुळीतून थोडे पुढे गेले, आणि अक्रोडाच्या अलीकडेच जिरले. गाडी तर वळणापलीकडे गेली होती.

कालिनाने जिरलेल्या जागेकडे पाहिले. मग ती नळाशी गेली, कळशी भरली, आणि पाणी जिथे थांबले होते तिथून पुढे ओतू लागली.