मुठीचा डबा

गुरुवारची भगिनी मंडळाची प्रार्थना या खेपेला पुष्पांजलीच्या घरी होती, आणि त्याच दिवशी मंडळाचा डबा परत देऊन टाकायचा, हे तिनं ठरवलं होतं.

पिंपळगाव राजात ख्रिस्ती घरं थोडी. त्या घरांतल्या बायांची एक रीत होती. स्वयंपाकासाठी धान्य काढलं की आधी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. महिनाअखेरीला सगळ्यांच्या मुठी एकत्र करून अडचणीतल्या घरी पोचवायच्या. प्रत्येकीला मंडळानं एक डबा दिला होता. तेलाचा, चौकोनी, पत्र्याचा, वर हात जाईल एवढं गोल तोंड कापलेला. पुष्पांजलीचा डबा ओट्याखालच्या अंधारात, ज्वारीच्या कोठीला टेकून उभा असायचा.

श्रावणात तिचा नवरा प्रेम गेला. खामगावच्या कापसाच्या जिनिंगमधून घरी आला, पाणी मागितलं आणि खाटेवर आडवा झाला. ती पाणी घेऊन आली तोवर तो गेला होता. तेव्हापासून पुष्पांजलीला काही वाटत नव्हतं. दुःखसुद्धा नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं. गीतं पाठ होती, ती तोंडानं म्हणायची. प्रार्थनेला डोळे मिटले की पापण्यांच्या आतला लालसर उजेड दिसायचा, बाकी काही नाही. मंडळात तिच्या प्रार्थनेला वजन होतं. आजारी बाया तिला मुद्दाम बोलावून नेत. ती जायची, त्यांच्या डोक्यावर हात ठेवायची आणि मनात म्हणायची, हे खोटं आहे. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि आज साक्ष तिनं द्यायची होती, देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते सगळ्यांपुढं सांगायचं होतं. विषय पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी निशिगंधाबाईंनी, रविवारी उपासनेनंतर सांगितला होता, "विश्वास हा ठेवा."

"ठेवा म्हंजे?" मंडळातल्या कोकिळानं तेव्हाच विचारलं होतं. "काय ठेवा, कुठी ठेवा?"

"अहो, ठेवा म्हणजे खजिना. जपून ठेवतात तो."

"मंग खजिना म्हना ना बाई. मले वाटलं, चपला बाहेर ठेवा म्हनून राह्यल्या."

गुरुवारी दुपारी सतरंजीवर सगळ्या बसल्या. एक गीत झालं. मग मधोमध मोठी परात ठेवली. कोकिळाच्या जावेचा हात मोडला होता, या महिन्याचं धान्य तिच्याकडे जायचं होतं. एकेकीनं आणलेली पिशवी परातीत रिकामी केली. पुष्पांजलीकडे श्रावणापासून कुणी मागितलं नव्हतं, दुःखाच्या घरी मागत नसत. आजही कुणी मागितलं नाही. तीच बोलली.

"माह्या डब्यात काही नसंन. हे गेल्यापासून मी मूठ टाकलीच नाई. डबा घेऊन जा तुम्ही. आन मले मंडळात ठिवू नका आता."

"काऊन वं?" जनकाबाईनं विचारलं. ती सगळ्यांत म्हातारी, पुष्पांजली तिला मावशी म्हणायची.

"साक्ष देन्यासारखं माह्यापाशी काही उरलं नाई, मावशी. परार्थना करतो ते निरे तोंडचे शब्द. आत काहीच नाई."

पंखा फिरत होता. निशिगंधाबाई म्हणाल्या, "असं म्हणू नका हो, प्रभू आपल्याला..."

"थांबा बाई," जनकाबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "डबा तं पाहू दे. न्यायचाच हाय ना." ती ओट्याखाली वाकली, डबा ओढला आणि तशीच वाकून राहिली. "रिकामा डबा इतका जड असते का वं? ये कोकिळा, हात लाव."

दोघींनी डबा परातीपर्यंत आणला आणि तिरपा केला.

आधी पोहे पडले. खूप पोहे. मग चहापत्तीचा काळा पट्टा, त्यामागून रवा. मग तांदूळ आणि तुरीची डाळ. शेवटी डब्याला खालून थापा मारल्यावर ज्वारी आली, किड्यांनी पोखरलेली, टोके लागलेली.

"पोह्यायची मूठ कोन टाकते वं?" कोकिळा हसायला लागली. "आन हे चहापत्ती! किरानाचं दुकान काढून राह्यली का, पुष्पे?"

सगळ्या हसल्या. निशिगंधाबाईंनी पदर तोंडाला लावला.

पुष्पांजली परातीकडे बघत होती. दुसऱ्या कुणी टाकलं असेल? पण घरात ती एकटीच. मुलगी करिष्मा लग्न होऊन नांदुऱ्याला, पाहुणी म्हणून आली की ओट्याकडे फिरकायची नाही. मग तिनं क्रम लावला. डबा उलटा झाला होता, म्हणजे अलीकडचं आधी पडलं. दिवाळीनंतर दोन्ही वेळा ती पोहेच खात होती. त्याआधी काही दिवस नुसत्या चहावर होती, चहाची मूठ होत नाही, चिमूट टाकली असणार. रवा त्याच्याही मागचा, उपम्यातला. तांदूळ आणि डाळ, नातेवाईक जमले होते तेव्हाची. आणि तळाची ज्वारी प्रेमच्या भाकरीतली. हाताला जे आधी लागलं त्यातलं थोडं डब्यात गेलं होतं. तिला त्यातली एकही मूठ आठवेना.

"हं, दे आता साक्ष," जनकाबाई म्हणाली.

"काय देऊ? मले आताही काही वाटून नाई राह्यलं."

"वाटलं का नाई, ते कोनं इचारलं? हे टाकलं कोनं?"

"मीच टाकलं असंन."

"असंन?"

"टाकलं."

"झाली साक्ष. टोकेवालं कोंबड्यायले टाकू, बाकीचं चाळून घेऊ. चहा मांड आता. ह्या परातीतल्या पत्तीचा नको वं माय."

पुष्पांजली उठली. गॅस पेटवला, पातेल्यात पाणी ओतलं. निशिगंधाबाई रिकामा डबा उचलून मागे येऊन उभ्या राहिल्या. "मग हा मी घेऊन जाऊ? तुम्ही म्हणाला होतात."

"ठेवा," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

"कुठी ठेवा?" कोकिळानं सतरंजीवरून विचारलं आणि तिला असं हसू फुटलं की ठसकाच लागला. निशिगंधाबाईही हसल्या. हसत हसत त्यांनी डबा होता तिथंच, कोठीला टेकून ठेवला. बाया कशाला हसल्या हे पुष्पांजलीला कळलं नाही.

पाण्याला बुडबुडे आले. तिनं चहापत्तीचा डबा उघडला, चिमूट घेतली, आणि हात पातेल्याकडे न जाता खाली निघाला. या वेळी तिनं तो जाताना पाहिला. बोटं गोल तोंडातून आत गेली आणि पत्र्याच्या कडेला लागली.

कड गार होती.