कापलेल्या पट्ट्यांचा डबा

गल्लीत त्याला सगळे 'अर्धा डॉक्टर' म्हणत. औषधांचं दुकान त्याचं, पण गिऱ्हाइकं चिठ्ठीच्या आधी जीभ दाखवायची. त्यालाही ते आवडायचं, का नाही आवडणार? गेले सहा महिने मात्र या अर्ध्या डॉक्टरला एका जागी पाच मिनिटं बसवत नव्हतं. मोजलेल्या गोळ्या पुन्हा मोजायचा, पुसलेली काच पुन्हा पुसायचा.

त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या आकसल्या होत्या. कशामुळे, ते कळत नव्हतं. तिला साखर नाही, मुतखडा नाही, रक्तदाब होता तो जेमतेम. किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी फाइलच्या पहिल्या पानावर 'कारण' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

आणि ते कारण त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. निदान तशी दाट शंका होती.

बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. दिवसभर मशीनवर वाकून कंबर धरायची. दुकानात कोणी चार गोळ्या मागितल्या की तो पट्टी कात्रीने कापायचा, आणि ज्या तुकड्यावर नाव-तारीख काही उरायचं नाही तो विकता यायचा नाही. असे तुकडे बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात पडत. त्यातल्या दुखण्यावरच्या गोळ्या तो रंगावरून ओळखायचा आणि घरी न्यायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. अशी नऊ वर्षं. दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला हे सुचलं नसतं आणि जमलंही नसतं.

पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "दुखण्याच्या गोळ्या घेता का?" बायकोने त्याच्याकडे बघितलं. औषधाच्या प्रश्नाला नेहमी तोच उत्तर द्यायचा. त्याच्या तोंडून निघून गेलं, "कधीतरी. एखादी." बायको गप्प बसली. नवरा औषधातला, त्याला जास्त कळतं, असं तिला मनापासून वाटायचं. हेच तर त्याला खात होतं.

त्याच संध्याकाळी त्याने डबा कचऱ्यात ओतला. तिने गोळी मागितली तेव्हा "संपल्या, आणि रोज रोज काय गोळ्या!" म्हणून खेकसला. झालं, त्याला वाटलं, गोळी बंद तर आजारही थांबेल, सांगायची वेळच यायची नाही.

पण आजार थांबेना. किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा दोन पूर्णांक दोनवरून अडीचवर गेला, मग तीनवर. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वाढलेल्या आकड्याबरोबर त्याला काळजात धस्स व्हायचं आणि मागोमाग जरा हलकंही वाटायचं. गोळ्या बंद होऊनही वाढतंय, म्हणजे आपण नाही! माणूस स्वतःला सोडवायला काय काय हिशेब मांडतो.

बायकोने आपल्यापुरता वेगळाच अर्थ लावला होता. तिची आई चाळिशीत गेली, कशाने ते कोणी नीट सांगितलं नव्हतं. "माझ्या रक्तातच असणार हे," ती म्हणायची. परगावी शिकणाऱ्या मुलीला तिने दोनदा लघवी तपासायला लावली. मुलीने लग्नाचं बोलणं आपणहून थांबवलं. "आधी कारण कळू दे," असं तिने बाबालाच फोनवर सांगितलं, आणि तो मूग गिळून गप्प बसला.

एके दिवशी दवाखान्यात तपासणीसाठी बसले असताना बाकावर शेजारी एक बसड्रायव्हर भेटला. हातावर डायलिसिससाठी शीर जोडल्याचा ताजा व्रण.

"तुमचा आकडा किती?" त्याने बायकोला विचारलं.

"तीन पूर्णांक एक."

"माझाही गेल्या वर्षी तेवढाच होता." ड्रायव्हरने व्रणावरून बोट फिरवलं. बायकोचा चेहरा उतरला.

डॉक्टरीणबाई दारातूनच ड्रायव्हरला म्हणाल्या, "आकडे जुळवू नका हो! तुमची किडनी साखरेने गेली, ती भरभर जाते. काही किडन्या त्याच आकड्यावर पंधरा वर्षं काढतात. मूळ काय आहे त्यावर असतं. यांचं मूळच सापडत नाहीये मला."

अर्धा डॉक्टर उठून पाणी प्यायला गेला. तहान नव्हती.

घरी आल्यावर बायको आडवी झाली. तो नुसता येरझाऱ्या घालत होता. काहीतरी करायचं म्हणून त्याने तिच्या मशीनला तेल द्यायला खण उघडला. दोऱ्यांच्या रिळांखाली गोळ्यांची पट्टी होती. न कापलेली, नावासकट, समोरच्या दुकानाचा शिक्का असलेल्या पाकिटात. आठ गोळ्या संपलेल्या.

म्हणजे गोळ्या बंद झाल्याच नव्हत्या.

"अगं, हे काय?"

ती उठून बसली. "रागावू नका. तुमचं दुकान असताना समोरून आणते, तुम्हाला झोंबेल म्हणून नाही सांगितलं. पण कंबर बसू देत नाही हो. आणि तुम्हीच तर देत होता की इतकी वर्षं. वाईट असत्या तर दिल्या असत्यात का?"

त्याने पट्टी खिशात घातली, तिच्यासमोर चपला ठेवल्या. "चल."

"आत्ताच तर आलो."

"चल म्हणतो ना!"

दवाखाना बंद व्हायला आला होता. त्याने पट्टी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगून टाकलं. नऊ वर्षं. दिवसाला दोन, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत तीन. मीच दिल्या. पहिल्या दिवशी खोटं बोललो.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उलटून नाव वाचलं. "तुम्ही औषधं विकता," एवढंच म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "आजपासून एकही नाही. कंबरेचं दुसरं काहीतरी बघू. गेलं ते परत येणार नाही. पण बऱ्याचदा हे इथेच थांबतं. सहा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर कमी आकड्यावरच थांबलं असतं."

आता ती फुटेल, ओरडेल, याची तो वाट बघत होता. तसंच व्हायला हवं होतं. पण तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. टेबलाची कड घट्ट धरून ती पुढे वाकली.

"म्हणजे हे रक्तातलं नाही? माझ्या मुलीला होणार नाही?"

"या कारणाने नाही. काही संबंध नाही तिचा."

ती रडायला लागली. पदर तोंडात कोंबून, खांदे गदगदा हलवत, सुटल्यासारखी रडली. त्याने पाठीवर हात ठेवला तो तिने झटकला.

बाहेर पायरीवर आल्यावर तिने डोळे पुसले. स्वतःचा फोन काढला, मुलीचा नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला.

"सहा महिने पोरगी माझ्यासारखं मरायची तयारी करत होती. तुम्ही सांगा तिला."

"घरी जाऊन—"

"इथेच."

पलीकडे घंटी वाजली, फोन उचलला गेला. "आई? काय झालं? आई, बोल ना!"

"मी बोलतोय," तो म्हणाला. बायको त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.