चंद्रप्पांची गुटी

दामिनीनं जे केलं ते बापाच्या कौतुकापोटी केलं, एवढं माप तरी तिच्या पदरात टाकायला हवं.

नांदेडला विद्यापीठात ती स्पेक्ट्रोस्कोपीत पीएच.डी. करत होती. पदार्थावर किरण सोडायचे आणि परत येणाऱ्या किरणांवरून त्यात काय दडलंय ते ओळखायचं. भेसळीची हळद, शेतातली माती, औषधाची गोळी, बोअरचं पाणी, कशाचंही पोट फोडून दाखवणारी विद्या! शेतीवाले, फार्मसीवाले, अन्नवाले सगळे डब्या घेऊन तिच्या दारात. ही विद्या कुठं कुठं उपयोगी पडते याचं पोस्टर तिला परिषदेत लावायचं होतं. त्यात एक चौकट रिकामी राहिली आणि दामिनीबाईंना हुक्की आली, घरची गुटी लावू या की!

गुटी म्हणजे तिच्या आप्पांची, जळकोटच्या चंद्रप्पांची. किराणा दुकानदार माणूस, पण दर सोमवारी कपाळाला भस्म लावून ओट्यावर बसायचा आणि येईल त्या लेकराला गुटी उगाळून चाटवायचा. चाळीस वर्षं, तीही फुकट. घरातला दीड वर्षाचा नातू मल्लेश तर रोज घ्यायचा.

तिनं गुटीची एक वडी यंत्रात घातली आणि आलेखावर शिशाचं टोक उभं राहिलं. हे एवढं मोठं! डबी घाण असेल म्हणून तिनं डबी बदलली, यंत्र तपासलं, दुसरी वडी घातली. तीनदा तेच आलं. मल्लेशला गुटी देऊ नको, असा भावाला फोन करून तिनं जळकोटची बस धरली. रविवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापुढं लेकरांची रांग लागणार होती.

"आप्पा, गुटीत काय काय घालता?"

"ते सांगायचं नसतंय. सांगितलं की गुण जातो."

"आप्पा, त्यात शिसं निघालंय. इख हाय ते. सांगा."

आप्पांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि बोटांवर मोजायला लागले. वेखंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग. शेवटी, वडिलांनी सांगितलेला, चिमूटभर शेंदूर.

"शेंदूरच तो! शिशाचाच असतो, आप्पा."

"देवाला लावतो की गं आपण."

"देवाला लावा. लेकराच्या जिभेवर नको. डोकं मंद होतंय, रक्त आटतंय, झटके येतात."

आप्पा भांडतील असं तिला वाटलं होतं. ते उठले आणि गुटीचा डबा आणून तिच्यापुढं ठेवला. "उद्या येतील त्यांना मीच सांगतो," म्हणाले, "की मीच इख दिलं." दामिनीला रडू आलं. मग त्यांनी विचारलं, "अंगात गेलेलं निघतंय का?"

"रक्तातलं हळूहळू कमी होतं. मल्लेशला उद्याच लातूरला नेऊन तपासू. हाडात गेलेलं मात्र लई वर्षं राहतं."



"तुम्हा भावंडांच्या आधी एक झाला होता. बसलिंग," आप्पा म्हणाले. "अडीच वर्षाचा असताना झटके येऊन गेला. नाजूक होता, म्हणून त्याला रोज दोन वेळा गुटी असायची. आपल्यात जाळत न्हाईत. मळ्यातल्या मातीत बसवून पुरलाय त्याला. हाडं असतील अजून. तुझ्या यंत्रात कळंल का?"

कळलं असतं. हजार वर्षांपूर्वीच्या हाडांचंही कळतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"न्हाई कळत, आप्पा."

"आत्ताच म्हणालीस ना, हाडात राहतं म्हणून?"

आतून आईनं, उमाबाईंनी, हाक मारली, ताटं वाढली म्हणून. आप्पांनी पटकन डोळे पुसले.

"आईला यातलं काही सांगू नको," ते हळूच म्हणाले. "मी दुकानात असायचो. बसूला तीच चाटवायची."