एक घोट

“मुकुंद, पहिले त्या टाकीपासून दूर हो.”

कॉलेजच्या वर्कशॉपच्या दारात अंजनाबाई धापा टाकत उभी होती. इतवारीतल्या घरून पायी आली होती. शेजारच्या भागीरथीनं सकाळी सांगितलं, तुझा लेक फुग्याच्या गॅसवर स्कूटर चालवतो म्हणे, आणि हिची भाकर तव्यावरच करपली.

फुग्याचा गॅस! त्या घरात ही गोष्ट कोणी तोंडून काढत नसे. तिचा नवरा गोविंदा महाराजबागेच्या फाटकाशी फुगे विकायचा. लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा अन् ॲल्युमिनियमचे तुकडे टाकले की गॅस व्हायचा. एका दुपारी कोणी मेल्यानं शेजारी बिडी पेटवली अन् टाकी फुटली. दवाखान्यात गोविंदानं दुसरं काहीच मागितलं नाही. “एक घोट पाणी दे वं, अंजने.” भाजलेल्याला पाणी द्यायचं नाही, असं सगळ्यांनी बजावलेलं. शहाण्यासारखी वागली बिचारी, आणि तो पहाटे तहानलेलाच गेला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं तर तेच दूध पुन्हा समोर आलं होतं.

मुकुंदला शिकवणारे बोकारे सर पुढे झाले. “बाई, पेट्रोलसाठी पंपावर केवढ्या रांगा लागतात, पाहता ना? हा फुग्याचा गॅस म्हणजे हायड्रोजन, तो पाण्यातून काढता येतो. उद्या सगळं नागपूर यावर चालेल.”

“माह्या घरचा माणूस यानंच नेला, सर. आता लेकही देऊ का?”

मुकुंद म्हणाला, “आई, बाबाले आठवूनच करून राहिलो मी हे. आग टाकीकडे पलटू नये म्हणून जाळी बसवली. एक डाव पाहून घे. मंग नाही म्हणशीन, तर सोडतो.”

त्यानं किक मारली. अंजनाबाईनं डोळे गच्च मिटले. इंजिन खोकलं, अडखळलं, मग चालू लागलं. काही फुटलं नाही. तिनं डोळे उघडले, तर धूर नाही, वास नाही. मागच्या लांब नळीच्या टोकातून मात्र थेंब पडत होते.

“हे काय गळून राहिलं?”

“पाणी. हा गॅस जळला का त्याचं पाणीच होते.”

ती नळीजवळ खाली बसली. “पाणीच होते? मंग त्याले काहून नाही भेटला रे एक घोट?”

इतकी वर्षं अडवून ठेवलेलं रडू तिला सगळ्यांसमोर आलं. रडता रडताच तिनं नळीखाली तळवा धरला. माघातली थंडी, थेंब सावकाश येत होते. मुकुंद इंजिन बंद करायला वाकला, तसा सरांनी त्याचा हात धरला.

ओंजळ नाही, पण घोटभर जमलं. ते सांभाळत ती बाहेर कडुनिंबाखाली गेली आणि हळूच मातीवर सोडलं.

“घ्या जी,” ती म्हणाली.

मग दाराशी येऊन लेकाला म्हणाली, “चालव तू. पण सांजच्याले लवकर येत जाय घरी.”

इतवारीच्या वाटेला लागली, तेव्हा थंडी चांगलीच झोंबत होती. ओला तळवा तिनं पदराला पुसला नाही.