बुधवारची अंबाडी

"आई, हे झाड आत्ताच्या आत्ता काढ."

नरेशने पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने पासिर रिसला पोचायला त्याला सव्वा तास लागतो. आल्या आल्या आधी पाणी, मग आंघोळ आणि मगच माणसं, असा त्याचा नेम. आज मात्र त्याने चौथ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये, दारातच, आईच्या नाकासमोर मोबाइल धरला. ब्लॉकच्या, म्हणजे त्यांच्या इमारतीच्या, ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. त्यांचंच दार, त्यांचीच कुंडी, तिच्यातली पुरुषभर उंचीची अंबाडी आणि खाली इंग्रजीत एक ओळ.

"काय लिवलं हाय?" बेबीने विचारलं.

"हे जे वाटतंय तेच आहे का, असं विचारलंय. गांजा म्हणतायत, आई. गांजा!"

बेबीला आधी हसूच फुटलं. "अंबाडीले गांजा म्हनते? कोन हाय थो आंधया?"

"हसू नकोस. पान बघ. तीच पाच बोटं, त्याच करवती कडा. या देशात त्या झाडापायी माणसं फासावर जातात. माझा इथे कायम राहायचा, पीआरचा तिसरा अर्ज आत पडलाय. उद्या दारात पोलीस उभे राहिले तर काय सांगू?"

"सांगजो का माह्या मायची भाजी हाय. तू सोता दोन डाव खाल्ली. वाटी चाटली तूनं. चढली का नशा?"

नरेशचा चेहरा लाल झाला. भाजी त्याने खाल्ली होती खरी, आणि दुसऱ्यांदा तर मागून घेतली होती. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी. पण भीती शिरली की माणसाला स्वतःच्या जिभेचीही साक्ष पटत नाही.

"आणि हे काळं कापड!" तो आता कुजबुजत ओरडत होता. "रोज सहा वाजले की झाडाला बुरखा घालतेस. लोकांना संशय येणार नाही तर काय!"

या कापडाची गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण बेबीची सगळी हयात त्यात आहे.

बेबीने एकतीस वर्षं वऱ्हाडातल्या एका संशोधन फार्मवर रोजंदारी केली. पेरणी, खुरपणी ही कामं होतीच, पण तिचं खरं काम मोजणीचं. अंबाडीच्या वाफ्यांतून सकाळी फिरायचं आणि कुठल्या ओळीला कळी लागली, कुठल्या ओळीत निम्मी झाडं फुलली, कुठली बोंडं वाजायला लागली म्हणजे कापणीला आली, ते साहेबांना सांगायचं. बेबीने बोलायचं आणि साहेबांनी वहीत लिहायचं. कळी चिमटीत धरून ती दिवस सांगायची, आणि तो दिवस चुकत नसे. एका वर्षी रस्त्याकडची ओळ फुललीच नाही. साहेबांनी खत बदललं, माती तपासायला धाडली. बावीस वर्षांची बेबी म्हणाली, साहेब, त्या ओळीवर खांबावरचा दिवा रातभर जळते, झाडाले रात कयत नाई. साहेब हसले. पंधरा दिवसांनी त्यांनीच त्या ओळीवर गोणपाट टाकायला लावलं आणि महिन्याभरात ओळ पिवळीधमक झाली. साहेबांनी त्यावर निबंध लिहिला, ते मोठ्या हुद्द्यावर गेले. बेबीला त्या दिवसाची मजुरी मिळाली, रोजच्याइतकीच.

इथे कॉरिडॉरमधली ट्यूबलाइट संध्याकाळी लागते ती उजाडेपर्यंत जळते. पाच महिने अंबाडी नुसती वाढत राहिली. बेबीला कारण शोधावं लागलं नाही. तिने एक जुना काळा परकर उसवला आणि रोज सहा वाजता झाडावर चढवायला लागली. त्याला आता महिना झाला होता. पानांच्या बगलेत टपोऱ्या कळ्या धरल्या होत्या.

तिने खालची कळी दोन बोटांत धरली आणि हळूच दाबली.

"बुधवारी फुलन," ती म्हणाली. "सकायी. पिवयं फूल, हे एवढं, अन् मधात काया-लाल गया. गांजाले असं फूल जल्मात येत नाई. ज्याले पाह्याचं थ्यानं येऊन पाहा. बुधवारपावतर थांब."

"आई, आज शुक्रवार आहे."

"मंग? पाच दिवस माह्या शब्दावर तुले राह्यता येत नाई?"

आतून त्याची बायको अंजली आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पाचच दिवस आहेत ना. राहू दे." ती पुण्याची. घरात कुणाचा आवाज चढला की तिचा उतरतो. नरेशने मान हलवली आणि तो बूट काढायला बसला. बेबीने ती मान होकाराची धरली.

शनिवार, रविवार, सोमवार. ग्रुपवर आणखी दोघांनी प्रश्नचिन्हं टाकली. पोलीस आले नाहीत. शेजारची चिनी आंटी येता-जाता झाडाकडे बघायची आणि बेबीकडे बघून हसायची, तशी ती आधीही हसायची. नरेश मात्र लिफ्टचं दार वाजलं की ताटावरचा हात थांबवायचा. बेबी ते बघायची आणि पळी भांड्यात आदळायची. ज्या पोराला शिकवायला तिने उन्हात पाठ जाळली, त्या पोराला लिफ्टच्या आवाजाची धास्ती! आणि तीही न केलेल्या गोष्टीची.

मंगळवारी दुपारी अंजली म्हणाली, "आई, टेक्क्याला जाऊया? तुमच्यासाठी ज्वारीचं पीठ घेऊ." टेक्का मार्केट म्हणजे पार शहराच्या मध्यात, एमआरटीची मेट्रो बदलून जायचं. बेबीला बरं वाटलं. निघताना तिने कळी बघितली. टोकाला पिवळी चोच दिसत होती. म्हणजे उद्याच.

"मी म्हनलं होतं का नाई?" ती अंजलीला म्हणाली. अंजलीने लिफ्टचं बटण दाबलं आणि ती मोबाइल बघायला लागली.

परत यायला सात वाजले. सहाचं कापड चुकलं म्हणून बेबी लिफ्टमधून बाहेर पडली ती जवळजवळ पळतच. दारात कुंडी नव्हती. कुंडी जिथे होती तिथे फरशीवर पाण्याचा गोल डाग होता, आणि नुकती झाडलोट केलेली दिसत होती.

तिने अंजलीकडे बघितलं. अंजलीचे डोळे भरले होते. मग बेबीला पिठाची हौस कळली.

"तुलेबी ठाऊक होतं," बेबी म्हणाली. अंजलीने मान खाली घातली.

नरेश सोफ्यावर बसला होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता.

"कोठी हाय?"

"टाकलं."

"कोठी टाकलं?"

"तुकडे केले. तीन पिशव्या. तीन वेगवेगळ्या ब्लॉकच्या खाली, कचऱ्यात." आपण काय सांगतोय हे त्याला सांगता सांगता उमगलं असावं, कारण शेवटचे शब्द तो जमिनीशी बोलला.

बेबी उभी होती ती बसली नाही. हातातली पिठाची पिशवी तिने जमिनीवर इतक्या जोरात ठेवली की ती एका बाजूने फुटली.

"तीन पिशव्या! अरे, मुडदा लपवला का रे तूनं? भाजी होती थे! फार्मवर एक पोतं कमी भरलं का आधी आपल्या वस्तीची झडती व्हायची. पाटलाच्या वाड्याची नाई, मास्तरच्या घरची नाई, आपली. तुह्या बापानं दार सताड उघडं टाकलं. म्हने, पाहा, काय पाह्याचं थे पाहा. मडकी फोडली थ्यायनं. पन झडतीच्या भेवानं तुह्या बापानं घरातली काडी कधी फेकली नाई. अन् तू? अठी तं कोनी आलंबी नाई. पोलिसाच्या आधी तूच माही झडती घेतली!"

"आई, मला समजून घे. एक चौकशी लागली असती तरी..."

"लागू द्याची! मी बोललो असतो."

"कुठल्या भाषेत, आई?"

हे तो बोलून गेला. बेबीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने डोळे मिटून घेतले. साहेब हसले होते ते परवडलं. त्यांनी निदान नंतर गोणपाट टाकलं होतं.

"एक दिवस," ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता आणि त्यामुळे जास्त लागत होता. "परक्या साहेबायनं एकतीस साल माह्या शब्दावर पुस्तकं भरली. पोटच्या पोराले एक दिवस भरोसा ठेवता नाई आला."

ती जेवली नाही. नरेशही जेवला नाही. अंजलीने सांडलेलं पीठ भरलं आणि ताटं झाकून ठेवली.

बुधवारी पहाटे बेबी नेहमीसारखी उठली. करायला काही नव्हतं म्हणून दारातला चपलांचा स्टँड ओढून मागची माती झाडायला घेतली. तिथे, भिंतीला लागून, एक फांदी पडली होती. झाड पिशवीत कोंबताना मोडून मागे पडली असणार. पानं मलूल झाली होती. पण खालची कळी अर्धी उघडली होती.

तिने स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, फांदी त्यात ठेवली आणि पेला नेऊन फरशीवरच्या त्या गोल डागाच्या बरोबर मध्यावर ठेवला. शेजारी प्लास्टिकचं स्टूल टाकून ती पदर सावरून बसली.

साडेसहाला नरेश डबा घेऊन बाहेर आला. तोवर फूल पुरतं उघडलं होतं, पिवळंजर्द, हाताच्या पंज्याएवढं, आणि मध्ये काळपट लाल गळा. बुधवार होता.

तो उभा राहिला. "माय," तो म्हणाला. इथे आल्यापासून तो तिला आई म्हणायचा. माय हे गावाकडचं, बसस्टँडवर सोडून आलेलं.

"बस चुकन तुही," बेबी म्हणाली.

तो गेला. मग उजाडलं, शाळेची पोरं गेली, ऑफिसवाले गेले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला स्टुलाला वळसा घालून जावं लागत होतं, आणि बेबीने स्टूल तसूभरही हलवलं नाही. चिनी आंटी बाजाराची ट्रॉली ओढत आली, थांबली, वाकली.

"वा, सो प्रिटी! हिबिस्कस, आह?"

बेबीला शब्द कळले नाहीत. "अंबाडी," ती ठासून म्हणाली.

"अम-बा-डी," आंटी म्हणाली, आणि तिने फोटो काढला. तो तिने ग्रुपवर टाकला, हे अंजलीने नंतर सांगितलं. प्रश्नचिन्हं टाकणाऱ्यांपैकी एकाने अंगठा दाखवला. बस, एवढंच. बेबीने ऐकून घेतलं.

बारा वाजले तसं फूल मिटायला लागलं. अंबाडीचं फूल अर्ध्या दिवसाचं असतं. मिटलं तरी तिने पेला उचलला नाही.

संध्याकाळी नरेश आला तेव्हा ती तिथेच होती. त्याने डबा खाली ठेवला तो डाव्या हाताने. उजवा हात मुठीत नव्हता आणि उघडाही नव्हता. बेबीने तो मनगटाला धरून ओढला. तळवा सुजला होता. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे असतात. ते उघड्या हाताने उपटायचं नसतं, हे फार्मवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"बस खाली," ती म्हणाली.

तो फरशीवर, पेल्याशेजारी बसला. बेबीने ब्लाउजची सेफ्टी पिन काढली. डोक्यावर ट्यूबलाइट लागली होती, तिच्या उजेडात काटा न काटा दिसत होता. ती एकेक टोकरून काढू लागली, जरुरीपेक्षा थोडं जास्तच दाबून. तो कळवळला. तिने दाब कमी केला नाही. समोरून लोक जात होते, त्यांनाही वळसा घालावा लागत होता.

सहा निघाले. सातवा खोल होता.

"हात हालवू नको," ती म्हणाली.