बारावर आलेला काटा

माझ्या घरात सवती होत्या, त्याही सोन्याच्या. लोकांच्या नवऱ्यांना पत्त्यांचा नाद असतो, बाटलीचा असतो. आमच्या डॉक्टरांना घड्याळांचा होता. दिवसभर लोकांच्या तोंडात, संध्याकाळी घड्याळांच्या पोटात, असा त्यांचा संसार. मी आपली मधल्या वेळेत. दातांचा दवाखाना बरा चालायचा, त्यामुळे हौसेला मोल नव्हतं.

आणि घड्याळंसुद्धा साधी नव्हेत. सोन्याची, किल्लीची आणि क्रोनोग्राफच. क्रोनोग्राफ म्हणजे काय, हे लग्नानंतर महिन्याभरात मला तोंडपाठ झालं. नेहमीच्या काट्यांवर आणखी एक लांब, बारीक काटा असतो आणि कडेला दोन बटणं. वरचं दाबलं की तो काटा पळायला लागतो, आणि त्याच्या फेऱ्या, म्हणजे मिनिटं, तबकडीतला एक चिमुकला काटा मोजतो. पुन्हा दाबलं की जिथल्या तिथे थांबतो. खालचं दाबलं की खटकन बारावर परत, म्हणजे मोजलेलं सगळं साफ पुसलं. "पण एवढं मोजायचं काय?" असं विचारलं की डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. खरोखरच मोजण्यासारखं घरात काही नव्हतं, भिंगरी पळायला लागेपर्यंत.

भिंगरी म्हणजे आमची मुलगी. एकुलती एक. पायऱ्या कधी एकेक करून उतरली नाही. शाळेच्या मैदानावर दोन फेऱ्यांची शर्यत धावायची, आणि सव्वादोन मिनिटांच्या आत यायचं हे खूळ डोक्यात. जेवताना तेच, दात घासताना तेच. डॉक्टर तिच्यासाठी संग्रहातलं सगळ्यात देखणं घड्याळ मनगटावर चढवून मैदानावर जायचे.

"अहो, साधं स्टॉपवॉच आणा की," मी म्हणायचे.

"माझ्या मुलीची वेळ प्लास्टिकवर मोजू?"

लेक म्हणायची, "आई, तुला नाही कळायचं." बापलेक दोघं एकाच माळेचे मणी.

एका सकाळी सरावात तिनं शेवटची रेघ ओलांडली, जरा पुढे गेली आणि पडली. उठलीच नाही. हृदयात जन्मापासून काहीतरी दोष होता म्हणे. आम्हाला काय माहीत? पोर तर वाऱ्यासारखी पळत होती.

रेघेवर डॉक्टरांनी बटण दाबलं होतं. "काटा थांबवला, पण माझी नजर तिच्यावर होती गं, घड्याळावर नव्हती," ते मला इस्पितळाच्या बाकावर म्हणाले. मैदानात दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे तिनं सव्वादोन मोडलं की नाही, हे फक्त त्या घड्याळात होतं, आणि ते अजून कुणी वाचलं नव्हतं.

बघायचं तर दोघांनी मिळून, असं ठरलं. धीर दोघांनाही नव्हता. मी ते घड्याळ पालथं करून रुमालात गुंडाळलं आणि रुमालाच्या कडा दोऱ्यानं शिवून टाकल्या. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला मी विचारायचे, "आज?" ते म्हणायचे, "आज नको." मग मी भांडी आपटायचे, आणि आतून सुटल्यासारखंही वाटायचं. खोटं कशाला बोलू? पण टाके कुणी उसवले नाहीत. माझे टाके मी ओळखते.

बाकीच्या घड्याळांना रोज किल्ली मिळायची. त्यांच्या कपाटातून टिकटिक ऐकू यायची आणि मला वाटायचं, उचलावीत आणि खिडकीबाहेर फेकावीत सगळी. तिच्या हृदयात बिघाड निघतो आणि ही मेली अजून चालतात!

पुढे डॉक्टरांचे हात थरथरायला लागले. दातांच्या डॉक्टराचा हात हलतो म्हटल्यावर कोण तोंड उघडणार? दवाखाना बंद झाला. मग इवलीशी किल्लीही बोटांत धरता येईना. एक दिवस स्वतःच म्हणाले, "मखमलला बोलावतो. घेऊन जाऊ दे सगळी."

मखमल म्हणजे त्यांचा घड्याळवेडा दोस्त. खिशात कायम मखमलीचा तुकडा, म्हणून हे नाव. माणूस वाईट नाही. दोघांनी मिळून बायकांचं डोकं खाल्लं, एवढाच काय तो गुन्हा.

तो यायचा त्या दुपारी मी रुमालाचं गाठोडं टेबलावर आणून ठेवलं. "अहो, सगळं चाललंय घरातून. आता तरी बघू या. ती काय आपल्यावर रागावणार आहे?"

डॉक्टरांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "काप."

मी कात्रीनं टाके कापले. रुमाल उघडला नाही. त्यांनीच थांबवला होता काटा, त्यांनीच उघडावा.

"थांब, चष्मा आणतो. आज नीट बघायचंय," म्हणून ते आत गेले. तेवढ्यात बेल वाजली.

मी दार उघडलं. "काय वहिनी, आज तुमची सुटका!" म्हणत मखमल घरच्यासारखा सरळ आत शिरला. मी कडी लावून वळते, तोच आतून खट्ट आवाज आला.

रुमाल उघडा पडला होता. घड्याळ त्याच्या तळहातावर, अंगठा खालच्या बटणावर.

"वा! इतकी वर्षं पडून आहे आणि काटा बघा कसा कडक परतला, थेट बारावर!"

या लोकांची ही रीतच आहे. क्रोनोग्राफ हातात आला की आधी काटा बारावर नीट येतो का ते बघायचं. डॉक्टरही दुसऱ्याचं घड्याळ घेतलं की हेच करायचे. हे मला त्या क्षणी कळत होतं, तरी वाटलं, ती मखमल त्याच्या घशात कोंबावी.

डॉक्टर दारात उभे होते. चष्मा लावलेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

"हे पण द्यायचंय का?" मखमलनं विचारलं.

"ने," डॉक्टर म्हणाले. "आता काय, ने."

"ते नाही!" मी ओरडलेच. हिसकावूनच घेतलं. बिचारा मखमल बावरला. त्याला शेवटपर्यंत कुणी काही सांगितलं नाही. डॉक्टरांनी एकेक घड्याळ दाखवलं, कुठल्याला किल्ली जपून द्यायची ते सांगितलं, दारापर्यंत पोचवायला गेले. मला त्या सभ्यपणाचा संताप आला.

तो गेल्यावर घरात टिकटिक नव्हती. कपाट रिकामं. मी टेबलाशी बसून त्या काट्याकडे बघत राहिले. बारावर, सरळ. माझी पोर दुसऱ्यांदा गेली, असं मी म्हणाले, मोठ्यानं म्हणाले आणि रडले.

डॉक्टर समोर येऊन बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन मिनिटं, चौदा सेकंद," ते म्हणाले. "आणि दोन दशांश."

मी डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं.

"थांबवताना दिसलं होतं मला. तुला बोललो नाही कधी."

हा माणूस जन्मात कधी घड्याळ न बघता वेळ सांगणारा नव्हे. भिंतीवरचं एक मिनिट मागे पडलं तर जेवण सोडून उठणारा. इस्पितळाच्या बाकावर काय म्हणाले होते, ते मी विसरले नव्हते, आणि मी विसरले नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी खोटं बोलले, तेही दशांशासकट. टेबलावरचे हात इतके हलत होते की चष्मा वाजत होता.

"म्हणजे सव्वादोनच्या आत आली," मी म्हणाले.

"आली ना. आरामात आली."

मी त्यांचे दोन्ही हात धरले, ते हलायचे थांबेपर्यंत. मग त्या बारावरच्या काट्याकडे बघून म्हणाले, "शाब्बास गं भिंगरी."

ती गेल्यापासून तिचं नाव या घरात कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.