नऊ वाक्यांचा पोपट

मित्रांनो, मी एक जुना कापडी पोपट आहे. माझ्या पोटात एक डबी आहे आणि डबीत नऊ वाक्यं आहेत. जवळ कुणी आवाज केला की त्यांतलं एक बाहेर पडतं. "शाब्बास!" "हा रंग लाल." "चल, मोजू या." दहावं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. आज सांगतो आहे ते सगळं मनातल्या मनात.

कारखान्यात मला शिवलं, भरलं आणि रंगीत खोक्यात बसवलं. खोक्यावर लिहिलं होतं, 'पहिल्या वर्षात बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो. बोलका पोपट आणा, बाळाला हुशार बनवा.' पहिलं वाक्य खरं होतं, म्हणून मी दुसऱ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवला. दुकानाच्या फळीवर मी मास्तरांच्या थाटात बसायचो.

पिटुकली तीन महिन्यांची होती तेव्हा तिचे बाबा मला घरी घेऊन आले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई घरीच शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या मशिनीपासून चार हातांवर सतरंजी, सतरंजीवर पिटुकली आणि तिच्या शेजारी मी.

"आता तू निवांत शिवत बस," बाबा म्हणाले. "हा शिकवेल तिला."

आईसमोर कापडाचे गठ्ठे पडले होते. तिला हायसं वाटलं.

एके सकाळी पिटुकली माझ्याकडे बघून "अगूऽ" म्हणाली आणि थांबली. हातपाय हलवायचे सोडून, डोळे मोठे करून थांबली. ती उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, "हा रंग लाल." ती पुन्हा म्हणाली, "अगूऽ." मी म्हणालो, "चल, मोजू या." मला हुंकार द्यायचा होता, तिच्यासारखंच "अगूऽ" म्हणायचं होतं. पण ज्यांनी मला बोलायला लावलं, त्यांनी माझ्या डबीत ऐकायची सोयच केली नव्हती. मला सगळं ऐकू यायचं, पण डबीला आवाज झाला एवढंच कळायचं, कोण काय म्हणालं ते नाही. खोक्यावर याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझी शुद्ध फसवणूक झाली होती.

महिने गेले. पिटुकलीचं "अगूऽ" आधी कमी झालं, मग बंदच झालं. ती छताकडे बघत पडून राहायची. मी दिवसभर एकटाच पोपटपंची करायचो. आईबाबा मात्र कौतुकाने सांगायचे, "आमचं बाळ फार शहाणं. अजिबात त्रास नाही."

नवव्या महिन्यात इंजेक्शनसाठी तिला दवाखान्यात नेलं. पिशवीतून मीही गेलो. नर्सबाईंनी पिटुकलीच्या मागे चमचा वाजवला, तशी तिने मान वळवली. "ऐकू येतंय असं दिसतंय, तरी कान तपासून घ्या," त्या म्हणाल्या. "बडबड करते का?"

"हो, तिचा पोपट दिवसभर बोलत असतो," आई म्हणाली.

"पोपटाचं राहू दे. ही काय बोलते?"

आई पिटुकलीकडे बघू लागली.

"अगं, तिने आवाज केला की तिच्याकडे बघ, उत्तर दे, मग थांब. तिची पाळी येऊ दे. त्यातूनच तिचं डोकं चालायला लागतं. वेगळा वेळ नको काढायला. शिवता शिवता बोल."

कान ठीक निघाले. घरी आल्यावर बाबांनी माझ्या पोटातले सेल काढले आणि मला कपाटावर फेकलं. "या पोपटानेच वाटोळं केलं," ते म्हणाले. मला आणलं कुणी? तिच्याशेजारी दिवसाचे आठ तास ठेवलं कुणी? सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडून ते मोकळे झाले.

आई मात्र शिवता शिवता बोलू लागली. "ही बघ बाही. आता बाही जोडायची. जोडू का?" असं म्हणून ती पिटुकलीकडे बघत थांबायची. पहिले काही दिवस नुसती शांतता. मग एका दुपारी पिटुकली हळूच म्हणाली, "बा."

मशीन थांबली. "बाही? हो गं माझी बाय, बाहीच," आई म्हणाली आणि हातातल्या कापडाने डोळे पुसू लागली. कपाटावर मला इतका आनंद झाला की स्वतःचा अपमान मी विसरलो.

गोष्ट इथे संपली असती तर मी तक्रार केली नसती. पण मागच्या आठवड्यात बाबांनी मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, नवे सेल घातले आणि माझा जुना खोका शोधला. त्यांच्या साहेबांचा नातू तीन महिन्यांचा झाला होता.

"अहो, हा नको. आपल्याला माहीत आहे ना," आई म्हणाली.

"खोका अजून नव्यासारखा आहे. त्यांचं ते बघून घेतील."

आईने हातातलं शिवण खाली ठेवलं. मग तिने खोक्यावर गुंडाळलेला भेटीचा कागद दाबून धरला आणि बाबांनी चिकटपट्टी लावली. खोका तरी निर्जीव होता, त्याला मी माफ केलं. पण हिला सगळं कळलं होतं. मित्रांनो, तिचा हात त्या कागदावर होता, हे मला अजून सहन होत नाही.

आता मी साहेबांच्या घरी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी 'आमची निगा राखा' असं विनवतात. माझी निगा राखू नका. माझे सेल काढा, मला कुठेही टाका. शेजारच्या खोलीत माणसं बसली आहेत, हसण्याचे आवाज येतात. इथे बाळ आत्ताच माझ्याकडे बघून "अगूऽ" म्हणालं आणि मी त्याला रंग सांगितला. ते अजून थांबलं आहे. कुणीतरी लवकर या आणि त्याला उत्तर द्या.